पंचवीस टोकांचा तारा

मंडळी, या शनिवारचा विषय कागदाचा आहे. कागद, कात्री, खळ आणि जोडीला शाळेतली थोडी भूमिती.

नाताळात आपल्याकडे वांद्र्याला, वसईला, गोव्यात घराघरांवर कागदी तारा लावतात तो तुम्ही पाहिला असेल. तो बहुतेक वेळा पाच टोकांचा असतो. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो तारा वेगळा. त्याला सगळ्या बाजूंनी टोकं फुटलेली असतात, अंग फुलवून बसलेल्या साळिंदरासारखी. मोजलीत तर पंचवीस भरतात. आत दिवा लावला की प्रत्येक टोक वेगळं उजळतं. जर्मनीत याला हर्नहुटचा तारा म्हणतात आणि अमेरिकेत मोरेव्हियन तारा.

आता यात इतिहास लिहिण्यासारखं काय? सांगतो. हा तारा कुठल्या राजाच्या दरबारात किंवा नामवंत चित्रकाराच्या हातून जन्मला नाही. तो शाळेच्या वसतिगृहात जन्मला. तिथली कितीतरी मुलं अशी होती की ज्यांना नाताळला घरी जायची सोयच नव्हती, कारण घर दोन समुद्र ओलांडून पलीकडे होतं. ती मुलं तिथे का होती हे कळल्याशिवाय या ताऱ्याची गोष्ट पुरी होत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आजच्या चेक प्रजासत्ताकात यान हुस नावाचा धर्मसुधारक होऊन गेला. चर्चच्या कारभारावर टीका केली म्हणून १४१५ साली त्याला जिवंत जाळलं. मार्टिन ल्यूथरच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. हुसच्या विचारांवर चालणाऱ्या काही लोकांनी १४५७ मध्ये आपला वेगळा बंधुसंघ काढला. बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांत तो वाढला. सतराव्या शतकात तिथे प्रॉटेस्टंटांचा पाडाव झाला तेव्हा या लोकांना एकतर परागंदा व्हावं लागलं, नाहीतर लपूनछपून श्रद्धा जपावी लागली. कोमेनियस (१५९२-१६७०) हा या संघाचा बिशप. शिक्षणशास्त्र शिकलेल्यांना हे नाव माहीत असेल. मुलांना नुसते शब्द घोकायला लावू नका, वस्तू दाखवा, हात चालू द्या, असं सांगणारा हा माणूस. त्याचं १६५८ सालचं सचित्र पुस्तक मुलांच्या पाठ्यपुस्तकांचा पूर्वज मानलं जातं. शिक्षण आणि हातकाम यांची सांगड या मंडळींच्या घरात किती जुनी होती ते लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

१७२२ साली मोराव्हियातून पळून आलेल्या काही कुटुंबांना त्सिन्झेनडॉर्फ नावाच्या तरुण सरदाराने सॅक्सनीतल्या आपल्या जमिनीवर आसरा दिला. तिथे जे गाव वसलं ते हर्नहुट. आणि मग या चिमुकल्या गावाने एक अचाट उद्योग आरंभला. गाव वसून पुरती दहा वर्षं होतात न होतात तोच, १७३२ मध्ये, इथून धर्मप्रसारक बाहेर पडायला लागले. आधी कॅरिबियनमधलं सेंट थॉमस बेट, पुढच्याच वर्षी ग्रीनलंड, मग दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम, मग दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे १७६० मध्ये ते तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला येऊन पोचले.

हे लोक सुतार, कुंभार, विणकर असे कारागीर होते. जिथे जायचे तिथे संसार थाटायचे, मुलंबाळं व्हायची. आणि इथेच त्या मुलांचा प्रश्न यायचा. मुलं सहा-सात वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी युरोपात पाठवायचं, असा रिवाज पडला. त्यांच्यासाठी वसतिशाळा होत्या. बाउत्सनजवळचं क्लाइनवेल्का हे तर धर्मप्रसारकांच्या मुलांच्या शाळांचं गावच होतं. शिडाच्या जहाजांच्या काळात सुरिनाम किंवा ग्रीनलंडहून आलेलं सात वर्षांचं पोर सुट्टीत घरी जाऊन येईल हे शक्यच नव्हतं. काही मुलांची आणि आईबापांची पुन्हा भेट व्हायला दहा-पंधरा वर्षं जायची. काहींची व्हायचीच नाही.

एक उदाहरण देतो, कारण त्याचं दुसरं टोक आपल्या देशात आहे. मारिया हार्टमान ही १८३७ साली सुरिनाममध्ये जन्मलेली मुलगी. आईवडील दोघंही तिथे धर्मप्रसाराच्या कामात. रिवाजाप्रमाणे तिला लहानपणीच जर्मनीला धाडलं. ती तिथेच वाढली, शिकली. इकडे १८५६ मध्ये हायडे आणि पागेल नावाचे दोन मोरेव्हियन हिमालयात लाहौलच्या खोऱ्यात केलाँगला येऊन राहिले होते. त्यांना खरं तर तिबेटमार्गे मंगोलियाला जायचं होतं, पण तिबेटची वाट बंद, म्हणून अलीकडेच मुक्काम ठोकला. पुढच्या वर्षी येश्के हा भाषापंडित तिथे आला. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश (१८८१) अभ्यासक आजही उघडतात. या तिघांसाठी १८५९ मध्ये युरोपातून तीन नवऱ्या रवाना झाल्या. मारिया त्यांतली एक. ज्याच्याशी लग्न करायचं त्या हायडेला तिने तोवर पाहिलेलंही नव्हतं. ती आली, लग्न झालं, आणि जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं ती हिंदुस्थानात राहिली. लाहौलमधले लोकरीचे विणलेले मोजे पाहिलेत कधी? रंगीत नक्षीचे, सुबक. सुयांवर विणायची ती कला तिथल्या बायकांना या मोरेव्हियन मंडळींनी शिकवली. आज त्या मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे.

आणि मारियाची मुलं? काही लहानपणीच गेली. जी वाचली त्यांना तिनेही युरोपात पाठवलं. सात वर्षांची असताना आपल्यावर जे आलं तेच पुढे आपल्या हाताने आपल्या मुलांवर आणायचं. तिला त्या वेळी काय वाटलं असेल याचा विचार करून बघा. म्हणजे वसतिगृहातल्या त्या नाताळाचा विचार आपोआप होतो.

आता ताऱ्याकडे येऊ.

हर्नहुटहून फार लांब नसलेलं निस्की हे मोरेव्हियनांचं दुसरं गाव, १७४२ मध्ये वसवलेलं. इथे मुलांची नावाजलेली शाळा होती. पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला श्लायरमाखर १७८३ ते १७८५ इथे शिकला. १८२१ च्या जानेवारीत या निस्कीच्या वसतिशाळेचा पन्नासावा वाढदिवस साजरा झाला तेव्हा अंगणात एक उजळलेला कागदी तारा टांगला होता. त्याला टोकं होती चक्क एकशे दहा! या ताऱ्याचा हा पहिला ठाऊक असलेला उल्लेख. पुढच्या काही वर्षांत, म्हणजे १८३० च्या दशकात, भूमितीच्या तासाला घनाकृती समजावून देण्यासाठी मुलांकडून असे तारे करून घ्यायची पद्धत रुळली. टोकं कमी होत होत गाडी पंचवीसवर स्थिरावली.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातल्या पहिल्या रविवारी वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून तारे जोडायचे आणि ६ जानेवारीपर्यंत ते टांगलेले ठेवायचे अशी प्रथा पडली. (६ जानेवारी म्हणजे तीन राजांचा सण. गोव्यात रेईश मागूश, चांदोर, कासावली इथे तो थाटात होतो. ताऱ्याच्या मागोमाग आलेले राजे ते हेच.) सुरुवातीचे तारे पांढरे आणि लाल असत. पांढरा पावित्र्याचा, लाल ख्रिस्ताच्या रक्ताचा. मुलं मोठी झाली, आपापल्या घरी किंवा परमुलखात गेली, तिथे पुन्हा तारे करत राहिली. शाळेतून घरी नेता येण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कृती. ती त्यांनी नेली.

आता थोडी भूमिती. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी. पण खरी गंमत इथेच आहे, असं आपलं माझं मत.

एक ठोकळा डोळ्यांसमोर आणा, लुडोचा फासा असतो तसा. त्याच्या सहा बाजू एकमेकींपासून सुट्या करा आणि सारख्या अंतराने बाहेर ओढा. जिथे कडा होत्या तिथे फटी पडतील. कडा बारा, म्हणून फटी बारा. बेताने ओढलंत तर प्रत्येक फटीत बरोबर एक चौरस बसतो. जिथे कोपरे होते तिथे आठ त्रिकोणी भोकं राहतात, तिथे आठ समभुज त्रिकोण. झाले सहा अधिक बारा अधिक आठ, एकूण सव्वीस पृष्ठं. यातले अठरा चौरस, आठ त्रिकोण. या आकाराला ऱ्हाँबिक्युबॉक्टाहेड्रॉन असं जीभ अडखळवणारं नाव आहे. १६१९ सालच्या आपल्या ग्रंथात केप्लरने या जातीच्या सगळ्या घनाकृतींची शिस्तवार यादी दिली, पण हा आकार त्याआधीही ओळखीचा होता. लिओनार्दो दा विंचीने तो पाचोली नावाच्या गणितज्ञाच्या पुस्तकासाठी काढला (ते छापलं गेलं १५०९ मध्ये), आणि खुद्द पाचोलीच्या प्रसिद्ध चित्रात तो काचेचा करून, अर्धा पाण्याने भरून, दोरीने टांगलेला दाखवलाय. म्हणजे छताला टांगायची कल्पनासुद्धा जुनीच :-)

या सव्वीस पृष्ठांपैकी पंचवीस पृष्ठांवर एकेक टोकदार सुळका बसवा. सतरा चौकोनी तळाचे, आठ त्रिकोणी तळाचे. सव्विसावं पृष्ठ मोकळं ठेवा, तिथून दिवा आत जातो. झाला तारा तयार. यातली खुबी अशी की मूळ आकाराच्या सगळ्या अठ्ठेचाळीस कडा सारख्याच लांबीच्या आहेत. त्यामुळे चौकोनी सुळक्याचा तळ काय किंवा त्रिकोणी सुळक्याचा तळ काय, कड तेवढीच. कुठलाही सुळका शेजारच्या कुठल्याही सुळक्याला जोडता येतो. साचे फक्त दोन लागतात. आमच्या धंद्यातल्या भाषेत बोलायचं तर मॉड्यूल दोनच प्रकारचे आणि इंटरफेस एकच. वसतिगृहात वीस मुलांत काम वाटून द्यायला याहून सोयीची रचना सापडायची नाही. धाकट्यांनी घड्या घालाव्यात, थोरल्यांनी चिकटवावं, आणि एकाचा सुळका वाकडा झाला तर तेवढाच फेकून नवा करावा.

आपल्या पारंपरिक आकाशकंदिलाचं गणितही याच्या शेजारचंच बरं का. कामट्यांचे सारख्या मापाचे चौकोन बांधायचे, ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडायचे, मधे आपोआप त्रिकोण तयार होतात. दोघांची नाती जोडायचा माझा विचार नाही. पण ज्याने लहानपणी कंदील बांधलाय त्याला हा तारा कसा उभा राहतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

१८८० च्या सुमारास या गोष्टीला वेगळं वळण मिळालं. फेरबेक नावाच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने आपल्या पुस्तकांच्या दुकानातून हे तारे आणि ते करायची कृती विकायला सुरुवात केली. अडचण एकच होती. पंचवीस सुळक्यांचा, आतून पोकळ कागदी तारा दूरगावी पाठवायचा कसा? पेटीत घातला तर चेंगरतो, आणि पेटीत जागा अडते ती सगळी हवेची. फेरबेक बापलेकांनी यावर डोकं चालवलं. १८९७ च्या सुमारास हर्नहुटला उत्पादन सुरू झालं तेव्हा त्यांनी आत पत्र्याचा एक सांगाडा दिला आणि कागदी सुळके त्यावर सरकवून बसवायची सोय केली. म्हणजे सुळके सुटे पाठवायचे, घरी नेऊन गिऱ्हाइकाने जोडायचे. पुढे १९२५ मध्ये त्याहून सुटसुटीत रचनेचं पेटंट घेतलं. त्यात आतला सांगाडाच गाळून टाकला. सुळके एकमेकांनाच जोडायचे, त्यांनीच एकमेकांना तोलून धरायचं. आजचा कागदी तारा याच तत्त्वावर उभा आहे. दोन पाय फाकवून बसवायच्या पितळी पिना असतात ना, तशा पिनांनी टोकं एकमेकांना अडकवतात.

आता याकडे 'कारखाना आला, हातकाम गेलं' अशा नजरेने बघता येईल. मला ते पटत नाही. फेरबेकांनी कागद कापायचं आणि सुळके चिकटवायचं काम कारखान्यात नेलं हे खरं, पण जोडायचं काम घरातच राहू दिलं. तयार तारा टांगून मोकळं व्हा, असं त्यांनी केलं नाही. पाठवायच्या अडचणीतून निघालेला तोडगा असेल तो, पण त्यामुळे झालं असं की आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून तारा जोडायचा हा वसतिगृहातला रिवाज घराघरांत पोचला. ज्या मुलांना घर नव्हतं त्यांच्यापासून तो घर असलेल्यांकडे आला. नाताळ संपला की तारा पुन्हा उलगडायचा, सुळके एकात एक घालून डब्यात ठेवायचे. पुढच्या वर्षी पुन्हा जोडायचा. दरवर्षी नव्याने करावा लागतो म्हणूनच तो टिकला, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाने मात्र या गावाला सुखाने राहू दिलं नाही. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, हर्नहुटचा मधला भाग जळून खाक झाला. पाठोपाठ पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार आलं आणि १९५० च्या दशकात ताऱ्यांचा कारखाना सरकारी झाला. धर्माला अफू मानणाऱ्या सरकारने बेथलेहेमचा तारा काढायचा, हा विनोद बघा! पण परकीय चलन मिळतंय म्हटल्यावर सरकारची त्याला हरकत नव्हती. तारे पश्चिमेकडे निर्यात व्हायचे आणि इथल्यांना दुकानात मिळायची मारामार. साठच्या दशकाअखेरीस कारखाना पुन्हा मोरेव्हियन संघाच्या संस्थेकडे आला आणि आजही त्यांच्याचकडे आहे. हाताने सुळके चिकटवण्याचं काम आजही चालतं, आणि गावाला येणाऱ्यांना ते बसून पाहता येतं.

जुलै २०२४ मध्ये हर्नहुटचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. डेन्मार्कमधलं क्रिस्टियान्सफेल्ड आधीच, २०१५ पासून, यादीत होतं. त्याच्या जोडीला हर्नहुट, उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल आणि अमेरिकेतलं बेथलेहेम अशी मोरेव्हियनांची तीन गावं घेतली. हा निर्णय ज्या बैठकीत झाला ती भरली होती आपल्या दिल्लीत. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत आसामच्या मोइदामांची बातमी होती, आणि ती तशी असायलाच हवी होती. त्याच बैठकीत हेही झालं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

कुणाला करून बघायचा असेल तर कृती देतो. जाड कार्डपेपर, पट्टी, कटर, फेविकॉल आणि रेघ दाबायला संपलेलं बॉलपेन एवढं पुरतं. पाच सेंटिमीटर पाया आणि सोळा सेंटिमीटर उंचीचा समद्विभुज त्रिकोण आखा. असे चार त्रिकोण टोकाला टोक ठेवून पंख्यासारखे शेजारीशेजारी काढा, एका बाजूला चिकटवायला पट्टी ठेवा, आणि प्रत्येक पायाखाली सेंटिमीटरभर पट्टी ठेवा. हा चौकोनी सुळका, असे सतरा. तीन त्रिकोणांचा पंखा म्हणजे त्रिकोणी सुळका, असे आठ. एकूण ब्याण्णव त्रिकोण होतात, तेव्हा एका बैठकीत संपेल या भ्रमात राहू नका. पायाच्या पट्ट्या आत वळवा आणि शेजाऱ्यांच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवा. आधी आठ चौकोनी सुळक्यांचा पट्टा करा, गोल फिरून मिळणारा. त्याच्या खाली एकाआड एक चार चौकोनी, चार त्रिकोणी, आणि बुडाला एक चौकोनी. वरच्या अंगाला पुन्हा चार-चार, आणि माथा उघडा. एकूण सांधे चव्वेचाळीस. आत एलईडीचाच दिवा लावा. तापणारा बल्ब कागदाजवळ अजिबात नको.

शेवटचे दोन-तीन सुळके एकट्याने बसवताना हात अपुरे पडतात. एकाने आतून पट्टी दाबून धरावी लागते, दुसऱ्याने बाहेरून टोक. तेव्हा घरातलं कुणीतरी मदतीला घ्या, लहान मूल असेल तर उत्तमच. लहान बोटं उघड्या माथ्यातून आत नीट पोचतात.

असो. लेख लांबला, पण विषयच सगळ्या बाजूंनी फुटलेला होता. पुढच्या शनिवारी भेटूच.